डिसेंबरातली जागल

आगमनकाळ लागला की मला दरवर्षी थोडी चिडचिड होते, हे आधीच सांगून टाकतो. चारही रविवार कोणी ना कोणी माईक हातात घेऊन सांगते की भावांनो बहिणींनो देवाची वाट पाहा, धीर धरा, त्याच्या घरी देर आहे पण अंधेर नाही, आणि आम्ही खाली सतरंजीवर बसून माना हलवतो. अरे बापा, विदर्भातल्या कास्तकाराला वाट पाहणं शिकवून राहिले का तुम्ही? जून लागला की पावसाची वाट, ऑगस्टात तोच पाऊस उघडायची वाट, दिवाळी झाली की सरकारी खरेदी सुरू व्हायची वाट. यंदा म्हणजे २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल आहे, पण खेडा खरेदीवाला व्यापारी काटा घेऊन गावात येते तेव्हा त्याच्या बराच खाली मागते, आणि ज्याच्या घरी पोरीचं लग्न आहे किंवा म्हातारा दवाखान्यात भरती आहे तो देऊन टाकते. थांबायला बी पैसा लागते ना बावा. म्हणून कोणी गुळगुळीत आवाजात वाट पाहा म्हटलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येते की कोणाच्या भरवशावर, आणि तोवर चूल कशी पेटवायची.

तरी मी दर डिसेंबरात हा काळ पाळतो, आणि का पाळतो तेच आज लिहायचं आहे.

जे मित्र ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात (आणि तुम्हीच जास्त वाचता, चर्चमधले लोक नुसता अंगठा दाबून मोकळे होतात). नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. ३० नोव्हेंबरला संत आंद्रियाचा दिवस असते, त्याच्या सगळ्यात जवळचा रविवार तो पहिला. यंदा ३० नोव्हेंबरलाच रविवार आला, मग ७, १४ आणि २१ डिसेंबर. शेजारच्या मावशी मार्गशीर्षातले गुरुवार धरतात आणि आम्ही हे रविवार, त्यामुळे आमच्या गल्लीत या दिवसांत कोणाच्या ना कोणाच्या घरी काही ना काही सुरूच असते. वाट दोन गोष्टींची पाहायची असते, बेथलेहेमात जन्मला त्या बाळाची, जो येऊन गेला, आणि तो परत येणार आहे त्याची. येऊन गेलेल्याची वाट कशी पाहायची असं तुम्ही विचाराल, मी बी विचारायचो, थोडं थांबा.

आमच्या चर्चमध्ये मेणबत्त्यांचं पहिले काही नव्हतं. मिशनच्या काळातली साधी इमारत, कौलं जाऊन वर टिनं आली, एवढाच फरक. मागच्या काही वर्षांत तरुण संघाच्या पोट्ट्यांनी मोबाईलवर पाहून ते आगमनाचं चक्र सुरू केलं, तीन जांभळ्या मेणबत्त्या, एक गुलाबी, खाली संत्र्याच्या डहाळ्या, ज्या पहिल्या रविवारी हिरव्यागार असतात आणि तिसऱ्यापर्यंत वाळून त्यांचा चुरा होते. म्हाताऱ्या मंडळींनी कुरकुर केली की हे कॅथलिक लोकांचं आहे, आपल्यात नसते. खरं पाहिलं तर ते सुरू केलं एका प्रोटेस्टंट पास्टरनं, योहान हिन्रिख विखेर्न म्हणून. जर्मनीत हॅम्बुर्गला गरीब, टाकून दिलेल्या पोरांसाठी तो एक घर चालवायचा, आणि ती पोरं नाताळ कधी, नाताळ कधी म्हणून रोज डोकं खायची, तर १८३९ साली त्यानं गाडीचं एक चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, रोज एक लहान आणि रविवारी एक मोठी. पोरांना दिवस मोजता यावे, बस. मला ही गोष्ट आवडते, लेकरांना धीर धरा म्हणून दटावण्यापेक्षा त्यानं त्यांच्या हातात काहीतरी दिलं. पण त्या पोरांना एक सोय होती, त्यांना तारीख माहीत होती. २५ डिसेंबर कुठं पळून जात नाही. आपल्या बहुतेक गोष्टींना तारीखच नसते, तिथं ते चाक काय करणार.

माझं बसस्टँडजवळ ऑनलाईन कामाचं दुकान आहे, सातबारा, फॉर्म भरणं, झेरॉक्स, रिचार्ज. पावसाळ्यात पीक गेलं त्याच्या अनुदानाचं काय झालं हे पाहायला एक बुढे बाबा येतात. प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, पासबुक, आणि पासबुकाला रबर बँड. पिशवी सोडायला त्यांना दोन मिनिटं लागतात, बोटं वाकडी झाली आहेत, पण मी हात लावलेला चालत नाही. नंबर टाकला की स्क्रीनवर पेंडिंग येते.

"म्हंजे नाही म्हणते का?"

"नाही बाबा, नाही नाही म्हणत."

"मंग हो म्हणते?"

"हो बी नाही म्हणत."

"मंग ठीक आहे," म्हणतात, पिशवीला गाठ मारतात आणि समोरच्या टपरीवर चहा पितात. पुढच्या बाजाराच्या दिवशी परत हजर.

आमचं बी एक पेंडिंग आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली, लेकरू नाही. अमरावतीला दाखवलं, नागपूरला दाखवलं, पैसे संपले की थांबलो, कापूस विकला की परत गेलो, मग एका वर्षी दोघांनीही ठरवलं की आता पुरे. हे इथं लिहू का म्हणून बायकोला विचारलं तर म्हणे लिहा ना, गावाले मालूमच आहे, ऑनलाईनवाल्यायले बी मालूम होऊ द्या.

आता आगमनकाळ आणि लेकरू नसणं याचं काय लागते ते सांगतो. नाताळची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात मरीयेपासून सुरू होतच नाही, ती सुरू होते एका म्हाताऱ्या निपुत्रिक जोडप्यापासून. जखऱ्या याजक आणि त्याची बायको अलीशिबा. दोघंही नीतिमान, दोघांचंही वय झालेलं, आणि मग देवदूत येऊन सांगते की तुम्हाला मुलगा होईल. म्हणजे दर डिसेंबरात ही गोष्ट वाचली जाणार, आणि वाचून झाली की सगळ्या चर्चचे डोळे हळूच आमच्या बाकाकडे वळणार. मग बाहेर निघताना चपला घालेपर्यंत कोणीतरी माऊली हिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणणार, बाई, अलीशिबाचं झालं तसं तुझं बी होईल पाह्य. त्यांचं मन चांगलं असते, मी नाही म्हणत नाही. पण हात डोक्यावरून निघाला तरी घरी येईपर्यंत त्याचं वजन जात नाही.

त्याहून वाईट एक झालं. एका कन्व्हेन्शनला बाहेरून एक प्रचारक आले होते, नाव लिहीत नाही, मोठा आवाज, मोठी गाडी. त्यांनी सगळ्यांसमोर हिला पुढं बोलावलं आणि सांगितलं की पुढच्या नाताळात हिच्या हातात बाळ राहील, प्रभू मला दाखवून राहिला. मंडपात हालेलुया हालेलुया. त्यानंतर कितीतरी महिने बाया बोलताना हिच्या तोंडाकडे नाही, पोटाकडे पाहायच्या. पुढचा नाताळ आला आणि गेला. ते परत आले तेव्हा म्हणे कुठंतरी विश्वासात कमी पडलं असेल. मी उठून काही बोलणार होतो, हिनं सदऱ्याला धरून खाली बसवलं.

मत्तयच्या चोविसाव्या अध्यायात येशू स्वतः सांगते की तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, स्वर्गातल्या दूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त बापाला. वाचनाचं कॅलेंडर पाळणाऱ्या चर्चमध्ये यंदा पहिल्या रविवारी त्याच जागचं वाचन होतं, म्हणून जागे राहा असं तिथं लिहिलं आहे, तारीख लिहून घ्या असं नाही. पुत्राला जे ठाऊक नाही ते या माणसाला गाडीत बसून कसं कळलं हे मला अजून समजलं नाही.

दुसरी एक गोष्ट लोकांना फार आवडते, संत्र्याची. आमचा पट्टा वरुड-मोर्शीकडचा, इथं देवाबद्दल काही सांगायचं म्हटलं की संत्रा मधात येतेच. आंबिया बहार घ्यायचा तर डिसेंबरात झाडाला ताण देतात, पाणी तोडतात, पानं मलूल होतात, पिवळी पडून काही गळतात, आणि जानेवारीत पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून जाते, पूर्ण शिवारात वास सुटते. तर एका भावानं साक्ष देताना सांगितलं की देवही आपल्याला असाच ताण देते, बहार यावा म्हणून. सगळे वा वा. मला नाही पटलं. ताण देणारा माणूस रोज बागेत जाऊन पान पाहते, जमीन हलकी की भारी ते पाहते, आणि इतकं करूनही ताण जास्त झाला तर झाडावर सल येते, म्हणजे फांद्या वाळून जातात, माझ्या चुलत्याच्या बागेत आली, अर्धी बाग तोडून त्यानं चुलीत घातली. लेकरू नसणं, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात सडणं, एखाद्याच्या बापानं धुऱ्यावर जाऊन औषध पिणं, हे देवानं पुढच्या फुलांसाठी मुद्दाम केलं असं म्हणायची माझी हिंमत नाही होत. ज्याच्या घरी झालं त्याच्या तोंडावर म्हणून दाखवा मग पाहू.

हबक्कूकचीही हिंमत नव्हती. जुन्या करारात शेवटी शेवटी हे एक लहानसं पुस्तक आहे, तीनच अध्याय, पटकन पान उलटलं की निघून जाते. यरुशलेम पडायच्या आधीचा काळ, बाबेलचं सैन्य वाढून राहिलं, गावात न्याय नाही. आणि हा माणूस प्रार्थना सुरूच करते ती भांडणानं, परमेश्वरा, मी किती दिवस ओरडत राहू आणि तू ऐकणार नाहीस? असं देवाला म्हणायची सोय बायबलमध्ये आहे हे मला पंचविशी उलटेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं, रविवार शाळेत आम्हाला फक्त दानिएल आणि सिंह शिकवले. पण मजा पुढं आहे. तक्रार करून हबक्कूक घरी नाही जात. दुसऱ्या अध्यायात तो म्हणते, मी आता माझ्या पहाऱ्यावर उभा राहतो, बुरुजावर चढतो, आणि पाहतो की तो मला काय बोलते.

हे मात्र मला एकदम कळलं, कारण पहारा आम्ही करतो. आमच्याकडं त्याला जागल म्हणतात.

हरभरा घाट्यावर यायला लागला की रानडुकरं आणि रोही (नीलगाय) सुरू होतात. डुकराचा एक कळप रात्रीतून अर्ध्या एकराचा खेळ करते. आता काही लोकांनी सोलरचं झटका मशीन लावलं, ज्यांच्याकडं नाही ते मचानावर. आमचं मचान चार बल्ल्या, वर तुराट्या, तुराट्यांवर पोतं, वरून फाटकी ताडपत्री. हाताशी बॅटरी आणि टिनाचा पिपा, पिपा वाजवायला एक जुना नट-बोल्ट सुतळीला बांधलेला. बारा वाजेपर्यंत बरं चालते, मोबाईलमध्ये काहीतरी पाहतो, आजूबाजूच्या वावरातून एकमेकांना हाका देतो. दोननंतर खरं काम. तेव्हा थंडी पोत्यातून खालून येते, तुरीच्या शेंगा वाऱ्यानं वाजतात आणि प्रत्येक वाजणं डुक्कर वाटते. बॅटरी मारायची, काही नाही. परत मारायची, काही नाही. मोबाईल काढून पाहतो तर तीन वाजून दहा मिनिटं. खूप वेळानं परत पाहतो, तीन वाजून पंचवीस.

स्तोत्र १३० मी लहानपणापासून पाठ म्हणत आलो, पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून जास्त माझा जीव प्रभूची वाट पाहतो. त्यात पहारेकऱ्यांचं ते वाक्य एकामागं एक दोनदा येते. मला वाटायचं गाण्याची चाल जमावी म्हणून केलं असेल. मचानावर समजलं की ज्यानं हे लिहिलं त्यानं जागल केलेली आहे. रात्री सगळं दोनदाच होते, घड्याळ दोनदा पाहणं, बॅटरी दोनदा मारणं, पूर्वेकडं दोनदा पाहणं.

आणि त्या पाहण्यात एक गोष्ट आहे जी दुकानातल्या पेंडिंगमध्ये नाही. मचानावरच्या माणसाला पहाट आणता येत नाही, पिपा कितीही बडवला तरी सूर्य पाच मिनिटं लवकर निघत नाही, पण पहाट होईल का नाही याची शंका त्याला एकदाही येत नाही. तो थकते, शिव्या देते, डुलकी घेते, पण पहाटेवर त्याचा डाऊट नसते. आणि दुसरं म्हणजे पहाट तर झोपलेल्याचीही होते. फरक एवढाच की झोपलेल्याचा हरभरा राहत नाही. मग कधीतरी गावातून गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक ध्यानाचा भोंगा ऐकू येते, कोणाच्या तरी गोठ्यात बादली वाजते, आणि आपल्याला समजते की झालं, सुटलो.

माझ्यासाठी आशा म्हणजे एवढं. सगळं आपल्या मनासारखं होईल असा अंदाज मला नाही बांधता येत, कापसाचा भाव बांधता येत नाही तर देवाचा काय बांधू. पण तो येते, तो येणाराच आहे, हे मी धरून आहे, आणि तोवर जे वावर माझ्या हवाली केलं ते राखायचं. येऊन गेलेल्याची वाट कशी पाहायची हे आधी विचारलं होतं ना, तर असं, काल पहाट झाली होती म्हणूनच आज रात्री मी मचानावर बसतो. काल झाली नसती तर कोण बसलं असतं.

हे सगळं मी हिला मोठ्या जोशात सांगितलं. भाकरी थापताना ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "तुमचं ठीक आहे, पण एक सांगा. सारे लोक मले अलीशिबाच कावून सांगतात? हन्ना कोणीच नाही सांगत."

मी म्हटलं हन्नालाही लेकरू झालं ना, शमुवेल.

"थे नाही जी. मंदिरातली बुढी हन्ना. लूकमधली."

मी चूप. खरंच, नाताळच्या गोष्टीत दोन म्हाताऱ्या आहेत. पहिल्या अध्यायात अलीशिबा, तिला लेकरू झालं. दुसऱ्या अध्यायात हन्ना, फनुएलाची मुलगी, आशेर वंशातली, लग्नानंतर सात वर्षं नवऱ्याबरोबर राहिली, मग विधवा, ८४ वर्षांची झाली तरी मंदिर सोडून गेली नाही, उपास आणि प्रार्थना करत रात्रंदिवस तिथंच. तिला लेकरू झालं असं लूक कुठंच सांगत नाही. तिची कोणती मागणी पुरी झाली तेही नाही सांगत. तिला फक्त दुसऱ्या बाईच्या हातातलं बाळ पाहायला मिळालं, आणि ती इतकी खूश झाली की यरुशलेमच्या सुटकेची वाट पाहणाऱ्या सगळ्यांना त्या बाळाबद्दल सांगत सुटली. इतकी वर्षं मी ही गोष्ट वाचली, कधी डोक्यात आलं नाही. हिच्या आलं, कारण हिला प्रत्येक बारशाला जायचं असते, पाळण्याला दोरी लावायला आणि घुगऱ्या वाटायला.

त्याच दिवशी मंदिरात शिमोनही होता, त्याला पवित्र आत्म्यानं सांगितलं होतं की ख्रिस्त दिसल्याशिवाय तू मरणार नाहीस. आता विचार करा त्याला दिसलं काय. इस्राएलचा तारणारा म्हणून जो आला तो साधारण चाळीस दिवसांचं बाळ, आणि आईबाप इतके गरीब की त्यांनी अर्पणाला कोकरू आणलं नाही, पाखरांची जोडी आणली, होले नाहीतर पारव्याची पिल्लं, मोशेच्या नियमशास्त्रात ज्याची कोकराची ऐपत नाही त्याच्यासाठी ती सूट होती. आमच्याकडं याला सवलतीत बसणं म्हणतात. बाहेर रोमचं राज्य तसंच, कर तसाच. काही म्हणजे काही बदललं नव्हतं. तरी हा म्हातारा बाळाला हातात घेऊन म्हणते, प्रभू, आता मला शांतीनं जाऊ दे, माझ्या डोळ्यांनी तुझं तारण पाहिलं. मी असतो तर विचारलं असतं, एवढंच? बाकीचं कधी?

असं विचारणारा बी एक आहे बायबलमध्ये, आणि तो साधासुधा माणूस नाही. त्याच अलीशिबाचा मुलगा योहान. हेरोदानं भावाची बायको ठेवली हे तोंडावर सांगितलं म्हणून तुरुंगात पडलेला. ज्यानं लोकांना बोट दाखवून सांगितलं होतं की पाहा हा देवाचा कोकरा, तोच आता शिष्यांना पाठवून येशूला विचारते, येणारा तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? मत्तय अकरा. आमचं चर्च काही वाचनाचं कॅलेंडर पाळत नाही, पास्टरसाहेबांच्या मनात येईल ते, पण माझा एक कॅथलिक मित्र आहे त्याच्याकडून कळलं की यंदा त्यांच्याकडं हेच वाचन १४ डिसेंबरला, तिसऱ्या रविवारी आहे. तो रविवार आनंदाचा, गुलाबी मेणबत्तीचा. आनंदाच्या रविवारी तुरुंगातल्या माणसाचा हा प्रश्न वाचायचा, ज्यानं कोणी ठरवलं त्याला मानलं पाहिजे.

येशूचं उत्तर बी पाहण्यासारखं आहे. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. हे बरंचसं यशयाच्या बोलण्यातून आलेलं आहे. पण यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायात आणखी एक ओळ आहे, बंदिवानांना सुटका. नासरेथच्या सभास्थानात येशूनं ती वाचली होती. योहानाला निरोप पाठवताना ती त्यात नाही. नेमकी तुरुंगातल्या माणसाला ती ओळ नाही. योहान सुटलाच नाही, पुढं त्याचं मुंडकं तबकात गेलं. योहानाचा विश्वास कमी पडला असं कोणा प्रचारकानं म्हणून दाखवावं, उलट येशू त्याच प्रसंगी म्हणते की बाईच्या पोटी जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी झाला नाही. प्रश्न विचारल्यावर म्हणते, आधी नाही.

त्या यादीतलं कुष्ठरोगी शुद्ध होतात हे आमच्या भागात नुसतं वाचायचं वाक्य नाही. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचा दवाखाना आहे, अमरावतीला तपोवन आहे, वर्ध्याजवळ दत्तपूर. दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ ला काम सुरू केलं तेव्हा या रोगावर खात्रीचं औषधच नव्हतं, चालमोगऱ्याच्या तेलाची इंजेक्शनं द्यायचे, त्यानं कोणाला थोडा फरक पडायचा, कोणाला नाही. डॅप्सोन हे औषध त्यानंतर आलं, आणि एमडीटी, म्हणजे एकापेक्षा जास्त औषधं एकत्र देऊन रोग बरा करायचा उपचार, त्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ ला केली. म्हणजे मधली कितीतरी वर्षं माणसं रोज सकाळी उठून त्याच जखमा धुत होती, पट्ट्या बांधत होती, जनावरं सांभाळत होती, सूत काढत होती, आणि औषध कधी येणार हे कोणालाच माहीत नव्हतं. दिवाण काही ख्रिस्ती नव्हते, गांधी-विनोबांचे माणूस. पण मचानावर कसं बसायचं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या कन्व्हेन्शनमध्ये कधी त्यांचं नाव घेतलं पाहिजे असं मला वाटते, घेतील का नाही ते माहीत नाही.

तर यंदा आमच्या चर्चमध्ये तिसऱ्या रविवारचं वाचन हिच्याकडं आहे. तिनं स्वतः पास्टरसाहेबांना सांगितलं की मी मत्तय अकरा वाचीन. ते म्हणाले बाई, नाताळच्या तोंडावर तुरुंग कशाला, काही आनंदाचं घ्या. ही म्हणे हेच घेईन, आणि लूक दोनमधली हन्नाही वाचीन, तीन वचनं तर आहेत. पास्टरसाहेब भला माणूस, हो म्हणाले. घरी सराव चालू आहे, चष्म्याचा नंबर बदलला आहे म्हणून पुस्तक लांब धरून वाचते आणि फनुएल या नावावर दरवेळी अडकते. माझ्याकडं या आठवड्यात पंपाला रात्रीची लाईन आहे, हरभऱ्याला पाणी आणि जागल दोन्ही एकदमच होऊन राहिलं, त्यामुळे रविवारी मी मागच्या बाकावर पेंगताना दिसलो तर उठवू नका, फक्त तिचं वाचन आलं की कोपर मारा.

आणि हो, चौथ्या रविवारच्या आधी ते बाहेरचे प्रचारक परत येणार आहेत असं ऐकलं. आमच्याकडं जेवायला पाठवू का म्हणून सेक्रेटरीचा फोन आला होता. मी नाही म्हणणार होतो, पण हिनं फोन हातातून घेतला आणि म्हणाली, पाठवा ना भाऊ, वांग्याची भाजी न् भाकर करतो, पोटभर जेवतील, डोक्यावर हात ठेवायचं काम नाही पण.